दुसऱ्या गेटवरचा रंग

टिळकवाडीत, सायकलच्या दुकानावर, दोन खोल्या.
एकीत मी, लॅमिनेटचे नमुने, आणि एक टेबल
ज्याचा चौथा पाय कॅटलॉगांवर उभा.
दुसरीत सुलक्षणा, तिचा संगणक,
भिंतभर पांढरा फळा:
सात कामं, सात रंगांचे पेन,
त्यातला लाल कधीचाच वाळलेला,
म्हणजे जे तातडीचं, तेच दिसत नाही.

सोमवार. हुबळीहून प्लाय यायचा होता.
‘येऊलालंय की मॅडम, धारवाड सोडलंय.’
ड्रायव्हरचं धारवाड शुक्रवारपासून सुटतंय.
पॉलिशवाला मौला गोकाकला, मेव्हणीच्या लग्नात.
इराप्पा बडिगेर मात्र वेळेआधी हजर,
रिकाम्या घरात बसून
करवतीला धार लावतोय.
आजची मजुरी धारेची.

येळ्ळूरकरांची बैठकीची खोली अजून कोरीच.
सुलक्षणानं फळ्यावर रकाना ठेवलाय,
मोजमापाच्या खाली, वायरिंगच्या वर:
‘कल्पना – ३ दिवस’.

मासिकं चाळली. शहापूरच्या एका मागावरून
रिकाम्या कांड्या आणून खिडकीत मांडल्या.
खानापूरची कौलं उन्हात पाहिली, मग भिजवून.
काही हललं नाही.
तीन दिवसांचे नऊ झाले.

मग गुरुवारी दुसऱ्या गेटवर अडकले.
मालगाडी. डबे मोजायची माझी सवय जुनी,
अठ्ठाविसाव्यापाशी आकडा सुटला.
पत्र्यावर गंज:
कडेला हळदीसारखा, मध्ये विटेचा,
रिव्हेटभोवती जवळजवळ जांभळा,
आणि त्यातून उतरलेला पाण्याचा एक ओघळ.
मागून हॉर्न. गेट केव्हाच उघडलं होतं.
मोबाईलमधला फोटो हललेला.

दोन दिवस चुन्यात काव कालवली.
शनिवारी तीन फूट बाय चार फुटांचा तुकडा
त्यांच्या भिंतीवर चढवला.
इराप्पाही मागे सरकून बघत राहिला.
‘उद्यमबागेत उमर गेली तुमची,’ मी म्हटलं,
‘लोखंडाचाच रंग आणलाय.’
पुढचं भाषण तयार होतं, ओतकामाविषयी.

येळ्ळूरकर चष्मा काढून जवळ गेले.
नख लावून पाहिलं.
‘बाई, एकतीस वर्षं हाच रंग
हातावरनं घासून काढलो, मग घरात पाय ठेवलो.
आता तुम्ही आत आणूलालाय.’

रागावले नव्हते. काकूंनी चहाही आणला.
कुठे घासायचात, मी विचारलं,
काहीतरी बोलायचं म्हणून.
ते मागच्या पडवीत घेऊन गेले.
सिमेंटची मोरी, गुडघ्याइतकी,
काठ एका बाजूला झिजून
मनगट बसेल एवढा खोलगट.
कोनाड्यात नारळाची शेंडी,
साबणाचा चपटा तुकडा, अजून ओला.
निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत त्यांना.

माझ्या नकाशात मोरीवर फुली होती.
तिथे वॉशिंग मशीन, राखाडी टाइल.

इराप्पा नकाशात डोकावला, मग मोरीत.
कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली.
‘बिडरी, अक्का.’ राहू द्या.

राहिली. मशीन जिन्याखाली गेलं.
बैठकीला नुसता चुना, पांढरा,
ज्यासाठी मला कुणी पैसे का द्यावेत
हे मलाही नीट सांगता आलं नाही.
मोरीवर काचेची दोन कौलं बसवली, उजेडासाठी.
काकूंनी डासांची जाळी मागितली
आणि त्यांचं बरोबर होतं.

सुलक्षणानं फळ्यावरची ओळ पुसली:
‘मोरी तोडणे – १ दिवस’.
यंदा पहिल्यांदाच
कुठलं काम एक दिवस अलीकडे आलं.

प्लाय मंगळवारी पोचला. सहा एमएम.
हवा होता अठराचा.

उरलेला रंग एका लहान डब्यात आहे.
झाकणावर लिहिलंय, ‘दुसरं गेट’,
कुणाच्या तरी भिंतीसाठी.
सध्या कॅटलॉग काढून
टेबलाच्या चौथ्या पायाखाली तो सरकवलाय.
उंची एक सूत जास्त होते.